रुमाल टाकून विषय मिळू नये

(महाविद्यालयातील प्राध्यापक आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

प्राचार्य महोदय, कार्यालयातले सगळे सहकारी आणि प्राध्यापक मित्रहो,

पत्रिकेवर माझा विषय ‘ऑनलाइन विद्यार्थी-माहिती आणि विषयनोंदणी प्रणाली’ असा छापला आहे. अशा नावाच्या व्याख्यानाला जेवणानंतरच्या वेळात एवढं सभागृह भरतं, याचा मला फार आनंद आहे. म्हणजे या पोर्टलनं आपल्या सगळ्यांना कुठे ना कुठे गाठलेलं आहे.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगते. आपल्या पोर्टलमध्ये जी चौकट भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, जे बटण दहा वाजता उघडतं आणि जागा भरल्या की बंद होतं, ते सगळे नियम आहेत. प्रवेशाच्या नियमाइतकेच, उपस्थितीच्या नियमाइतकेच ते खरे आहेत. पण उपस्थितीचा नियम विद्या परिषदेत येतो, त्यावर आपण तास तास भांडतो. पोर्टलमधला नियम कुठल्याच सभेत येत नाही. तो सॉफ्टवेअरबरोबर येतो आणि आपण तो मुकाट्यानं पाळतो. हे थांबावं, असं मला वाटतं. आणि सुरुवात म्हणून ओपन इलेक्टिव्हच्या, म्हणजे आपल्या विद्याशाखेबाहेरच्या ऐच्छिक विषयाच्या, जागा वाटण्याची एक वेगळी पद्धत आज तुमच्यापुढे ठेवायची आहे. ती मी शेवटी सांगणार आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचा आराखडा ठरवणारा 20 एप्रिल 2023 चा शासन निर्णय इथे सगळ्यांना पाठ आहे. त्यातले विषयगट म्हणजे मेजर हा मुख्य विषय, आणि मग बाकीचे. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. हात वर करा बरं, यांची पूर्ण रूपं न अडखळता कोण कोण सांगेल? बघा, कार्यालयाच्या बाजूचे हात प्राध्यापकांच्या बाजूपेक्षा जास्त आहेत. मला हेच अपेक्षित होतं. जूनमध्ये खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या पालकाला हे सगळं समजावून सांगायचं काम त्यांनीच केलं आहे.

पूर्वी बी.ए.ला आलेला मुलगा कागदी अर्जावर तीन-चार विषयांवर खुणा करायचा. एखादं कॉम्बिनेशन बसत नसेल तर खिडकीतले भाऊसाहेब अर्ज परत सरकवायचे, ‘अर्थशास्त्र आणि भूगोल एकाच तासाला आहेत, दुसरं काही घे’ म्हणायचे, आणि तिथल्या तिथे विषय बदलायचा. चूक झाली तरी ती महाविद्यालयाच्या आत राहायची. आता तसं नाही. सत्राला 20 ते 22 क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, वर्षाला 40 ते 44, तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132. वर्षभरानं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, दोन वर्षांनी पदविका घेऊन पडता येतं, पुन्हा परत येता येतं. ही सगळी क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा होतात. तिचे विनियम युजीसीनं जुलै 2021 मध्ये आणले, आणि जमा क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतं. म्हणजे आज आपल्या लॅबमध्ये बसून कोणी जी नोंद टाकेल, ती सहा वर्षांनी दुसऱ्याच विद्यापीठातला, आपल्याला कधीही न भेटलेला माणूस उघडून बघणार आहे आणि तिच्यावर विसंबून एका मुलीला प्रवेश देणार किंवा नाकारणार आहे. पदवी आता त्या नोंदीत राहते.

आणि त्या नोंदीची पहिलीच चौकट आहे नाव. इथे मी जरा थांबणार आहे.

आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधार कार्डावर बहुधा मुलाचं नाव आधी, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. बँकेच्या पासबुकावर कुठे वडिलांचं नुसतं पहिलं अक्षर. जातीच्या दाखल्यावर मराठीत एक, इंग्रजीत दुसरं. शीतलमधला ‘शी’ शाळेनं एका ‘आय’नं लिहिलेला असतो, आधार केंद्रावर दोन ‘ई’ पडलेले असतात. माणसाला हे सगळं एकच नाव दिसतं. संगणकाला ती चार माणसं दिसतात.

आमच्या महाविद्यालयात एक मुलगी पहिल्या वर्षाला आली. तिचं नाव मी घेणार नाही. तिच्या गुणपत्रिकेवर आडनाव होतं, आधारवर नव्हतं. नुसतं तिचं आणि वडिलांचं नाव. लहानपणी गावात शिबिर लागलं तेव्हा वडिलांनी सांगितलं तेवढं लिहून घेतलेलं. बारावीपर्यंत कोणाचं काही अडलं नाही. आमच्या पोर्टलवर पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव अशा तीन चौकटी, तिन्ही सक्तीच्या. तिनं गुणपत्रिकेप्रमाणे त्या भरल्या. अपार क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा शैक्षणिक ओळख क्रमांक, जोडायची वेळ आली तेव्हा तो जोडला जाईना, कारण तो आधारवरून निघतो आणि दोन नावं जुळत नव्हती. अपार क्रमांक नाही म्हणून नोंदणी ‘अपूर्ण’. नोंदणी अपूर्ण म्हणून ओळखपत्र नाही. ती आधार केंद्रावर गेली. तिथे म्हणाले, आडनाव असलेलं, फोटो असलेलं ओळखपत्र आणा. ती परत आमच्याकडे आली. आम्ही म्हणालो, नोंदणी पूर्ण झाली की ओळखपत्र मिळेल. तालुक्याच्या गावाहून यायला तिला एसटीनं सकाळ जायची. येणार, खिडकीपाशी उभी राहणार, परत जाणार. या सगळ्या काळात ती वर्गात कमी आणि रांगेत जास्त होती. परीक्षा अर्जाची तारीख तोवर निघून गेली आणि तिला विलंब शुल्क भरावं लागलं. ज्या चुकीत तिचा काडीचा वाटा नव्हता, तिचा दंड तिनं भरला. ते मला अजून सहन होत नाही.

मार्ग काढला तो आमच्या कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी. त्यांनी महाविद्यालयाच्या लेटरहेडवर तिचा फोटो चिकटवून, त्यावर प्राचार्यांची सही आणि शिक्का घेऊन पत्र तयार केलं, आणि नुसत्या पत्राला कोणी जुमानणार नाही म्हणून स्वतः तिच्याबरोबर केंद्रावर गेले. आधार दुरुस्त झालं. त्यांच्या कामाच्या यादीत हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. अशी माणसं या सभागृहात आज बसलेली आहेत, आणि प्रणाली चालते ती त्यांच्यामुळे. टाळ्या त्यांच्यासाठी वाजवा. हो, आत्ताच वाजवा.

मग मी एक काम केलं. आडनावाची चौकट सक्तीची असावी हे कुठल्या सभेत ठरलं, ते शोधायला मी इतिवृत्तं काढली. कुठेही नव्हतं. पुरवठादाराच्या माणसाला विचारलं, तर तो अगदी सरळपणे म्हणाला, ‘मॅडम, ते तसंच येतं. तुम्ही सांगितलं असतं तर काढलं असतं.’ त्याचं काही चुकलं नाही. आम्ही कधी सांगितलंच नव्हतं, कारण ही सांगायची गोष्ट आहे हेच कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आणि हे एका मुलीपुरतं नाही. ज्यांच्या घरी आडनाव लावायची पद्धतच नाही अशी मुलं आपल्याकडे येतात. ती त्या चौकटीत टिंब टाकतात किंवा स्वतःचंच नाव दोनदा लिहितात, आणि ते टिंब पुढे गुणपत्रिकेवर छापून येतं. शिक्षण सुटून लग्नानंतर परत येणाऱ्या मुली येतात. मल्टिपल एंट्रीचा, म्हणजे मध्येच सोडून पुन्हा परत येण्याच्या सोयीचा, खरा उपयोग त्यांनाच आहे, आणि नावाच्या चौकटीत सगळ्यात आधी त्याच अडकतात. राजपत्रात नाव बदलून घेतलं, तरी जुनी क्रेडिट जुन्या नावावर. कुऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे या आडनावांच्या मुलांना विचारा, पदवी प्रमाणपत्रावर त्यांचा ‘ऱ्ह’ धड उमटला का. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली नावं युनिकोडमध्ये आणताना तो हमखास मोडतो आणि मुलगा आयुष्यभर ‘कुर्हाडे’ होऊन बसतो. आईबाप ते प्रमाणपत्र चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावतात हो. त्यावर त्यांचं आडनाव नीट असावं, ही मागणी मोठी आहे का?

शिवाय आणखी एक बदल येऊ घातला आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांची नावं शासकीय कागदांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी लिहायची, असा राज्य शासनाचा निर्णय आहे. मला तो मनापासून आवडलेला निर्णय आहे. ही मुलं 2042 च्या सुमारास पदवीच्या पहिल्या वर्षाला येतील. आपल्या तीन चौकटींत चार नावं कशी बसवणार? मधल्या चौकटीत आईवडील दोघांना कोंबणार? यावर काम आजच करता येतं आणि ते अवघड नाही. नाव एकाच लांब चौकटीत घ्या, गुणपत्रिकेवर आहे तसं. आधारवरचं नाव दुसऱ्या चौकटीत, तिथे आहे तसं. पदवीवर मराठीत छापायचं नाव तिसऱ्या चौकटीत, विद्यार्थ्याला स्वतः टंकू द्या आणि छापायच्या आधी त्याला दाखवा. ओळख पटवायला पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा नोंदणी क्रमांक, आहे ना? तो याचसाठी दिलेला असतो. नाव आयुष्यात बदलू शकतं, पीआरएन बदलत नाही. जुळत नसेल तर नोंदणी अडवू नका. ‘नाव पडताळणी बाकी’ असा शेरा मारून तिला वर्गात बसू द्या.

कोणी म्हणेल, मोठ्या यंत्रणेत असं चालायचंच. मला हे वाक्य मान्य नाही. मोठ्या यंत्रणेत घाईनं केलेली गोष्ट किती महाग पडते, हे आपण 2017 साली मुंबई विद्यापीठात पाहिलं आहे. उत्तरपत्रिका एकाएकी पडद्यावर तपासायचं ठरलं, 31 जुलैची मुदत टळली, निकाल रखडले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. पण त्या उन्हाळ्यात ज्यांचे पुढचे प्रवेश लटकले, ती मुलं कुठल्याही बातमीत शेवटपर्यंत राहिली नाहीत. पडद्यावर तपासणी ही कल्पना मुळात वाईट नव्हती. आधी एखाद्या लहान विद्याशाखेत ती करून बघता आली असती. शिक्षकांना सरावाला वेळ देता आला असता.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. बरं. मग परदेशी विद्यापीठांच्या प्रणालींवर बोलणार होते ते जवळजवळ सगळं सोडते आणि कबूल केलेल्या गोष्टीकडे येते.

ओपन इलेक्टिव्ह आपल्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा असतो. कल्पना सुंदर आहे: भौतिकशास्त्राच्या मुलीनं नाट्यपरिचय घ्यावा, इतिहासाच्या मुलानं संख्याशास्त्राची तोंडओळख करून घ्यावी. पण वर्गात बाकं साठ, आणि मागणारे दोनशे. मग काय करतात? बहुतेक ठिकाणी पोर्टल सकाळी दहाला उघडतं आणि प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसं आपण ज्ञानाच्या जागा वाटतो आहोत.

संख्याशास्त्राची शिक्षिका म्हणून मी विचारते, ही पद्धत कशाची निवड करते? आवडीची करत नाही, तयारीची करत नाही. ज्याच्या वसतिगृहात वायफाय आहे, ज्याच्या हातात नवा फोन आहे, जो दहा वाजता बसमध्ये किंवा शेतात किंवा दुकानाच्या गल्ल्यावर नाही, त्याची निवड करते. दोन भावंडांत एक फोन असेल तर धाकट्याला उरलेला विषय. आणि दहाला सर्व्हर बसतो, तो का बसतो? आपणच सगळ्यांना सांगितलेलं असतं की दहा वाजून एक मिनिटानं आलात तर काही मिळणार नाही. गर्दी आपल्या नियमानं जमवलेली असते. दरवर्षी आपण मोठा सर्व्हर मागतो. मागायला हवा वेगळा नियम.

तो नियम असा. पोर्टल आठवडाभर उघडं ठेवा. प्रत्येकानं आपल्या आवडीनं विषयांचा क्रम भरावा, दहा विषय असतील तर दहाही. कधी भरला याला काही किंमत नाही; सोमवारी सकाळी भरा, शनिवारी रात्री मावशीच्या फोनवरून भरा. मुदत संपली की सगळ्या विद्यार्थ्यांची सोडत काढा, प्रत्येकाला एक क्रमांक. पहिल्या क्रमांकाला त्याच्या यादीतला पहिला विषय, दुसऱ्याला त्याच्या यादीतला शिल्लक असलेला सगळ्यात वरचा, असं शेवटपर्यंत. वेळापत्रकात जो विषय मेजरशी आदळतो तो संगणकानं त्या यादीतून आधीच गाळावा. पुढच्या सत्रात क्रमांक उलटे करा, म्हणजे आज जो शेवटचा होता तो पुढच्या वेळी पहिला.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट अशी की मुलाला खोटं बोलून काही मिळत नाही. ‘हा विषय मला मिळणार नाही म्हणून तो खाली लिहू का’ हा हिशेब करायची गरज उरत नाही. खरी आवड खऱ्या क्रमानं लिहिणं हेच त्याच्या फायद्याचं असतं, हे गणितानं सिद्ध होतं. सगळ्याच पद्धतींत तसं नसतं. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये विद्यार्थी आळीपाळीनं एकेक विषय उचलायचे. एरिक बुडिश आणि एस्टेल कँटिलाँ या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा मुलं डावपेच म्हणून पसंतीचा क्रम बदलून भरतात असं दिसलं. बुडिश यांच्याच सिद्धांतावर व्हार्टन या अमेरिकेतल्या दुसऱ्या बिझनेस स्कूलनं 2013 पासून कोर्स मॅच नावाची पद्धत आणली, ती मात्र आपल्याला नको. तिला फार गणन लागतं आणि आपल्याला एका वेळी एकच विषय वाटायचा आहे.

पसंतीक्रम आपल्याला परका नाही. अकरावीच्या केंद्रीय प्रवेशाला मुलं दहापर्यंत महाविद्यालयांचा क्रम भरतातच, आणि 2025 पासून सगळा महाराष्ट्र तो भरतो. आयआयटी आणि एनआयटीच्या जागा 2015 पासून जोसा या संयुक्त जागावाटप प्राधिकरणामार्फत एकत्र वाटल्या जातात, त्यामागे डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी 1962 साली मांडलेली, दोन्ही बाजूंच्या पसंतीक्रमावरून जोड्या लावायची कल्पना आहे. शॅप्लींना पुढे 2012 साली अॅल्विन रॉथ यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तिथे गुणानुक्रम लागतो, कारण प्रवेश द्यायचा असतो. आपल्याकडे प्रवेश झालेलाच आहे.

म्हणूनच ‘सोडत कशाला, बारावीच्या गुणांनी लावा’ या सूचनेला माझा विरोध आहे. बारावी विज्ञानचे गुण नाट्यपरिचयाबद्दल काय सांगणार? शिवाय गुणांनी लावलं तर तीच मुलं प्रत्येक सत्रात पहिली राहतील आणि तीच शेवटची. दुसऱ्या विद्याशाखेची दारं उघडायची म्हणून हा विषय आणला. ती पुन्हा त्याच मुलांसाठी उघडायची असतील तर कशाला आणला?

सोडतीवर विश्वास कसा बसेल, हा प्रश्न रास्त आहे. सोडत ग्रंथालयाच्या हॉलमध्ये, विद्यार्थी प्रतिनिधींसमोर काढा. चिठ्ठ्यांनी एक संख्या काढा, त्या संख्येवरून संगणक क्रम लावेल, आणि ती संख्या व आज्ञावली सूचना फलकावर लावा. ज्याला शंका येईल त्यानं स्वतःच्या संगणकावर तीच संख्या घालून ताडून बघावं, तोच निकाल आला पाहिजे. पायथॉनच्या पन्नासेक ओळींत हे होतं. आपल्या तृतीय वर्षाच्या मुलांनी ते लिहावं अशी माझी इच्छा आहे. प्रकल्पाची क्रेडिटही मिळतील. प्रवेश रद्द होऊन रिकाम्या झालेल्या जागा त्याच क्रमानं, त्याच याद्यांवरून भरा, म्हणजे कोणाला पुन्हा रांगेत उभं राहायला नको.

आणि निकालाबरोबर एक आकडा दरवर्षी छापा: किती जणांना पहिली पसंती मिळाली, किती जणांना पाचवीच्या खालची. ज्या विषयाला दोनशे मुलांनी पहिली पसंती दिली, त्याची दुसरी तुकडी काढायची का, हे अभ्यास मंडळाला तेव्हा कळेल. आज हा आकडा आपल्याकडे नाहीच, कारण दहा वाजून चार मिनिटांनी ‘जागा भरल्या’ वाचून जी मुलं परतली, ती काय मागायला आली होती हे आपलं पोर्टल लिहूनच ठेवत नाही.

विद्या परिषदेच्या पुढच्या सभेसाठी ठरावाचा मसुदा मी आणला आहे. नावाच्या चौकटींबद्दल एक कलम, ओपन इलेक्टिव्हच्या वाटपाबद्दल एक, आणि तिसरं असं की पोर्टलमधला सक्तीचा प्रत्येक नियम माहितीपत्रकात छापावा आणि तो कोणत्या सभेत ठरला त्याची तारीख शेजारी द्यावी. एक प्रत प्राचार्यांकडे देते, एक कार्यालयाकडे. परीक्षा विभागातल्या ताईंनी मघापासून हात वर धरला आहे. विलंब शुल्काबद्दल विचारायचं असेल तर ते याच मसुद्यात घालू. बोला ताई.